अप्पांची पोचपावती

आमचे अप्पा बंगळुरूच्या मोठ्या तारघरात तारमास्तर होते. सगळ्या मुलखाचे निरोप त्यांच्या बोटांखालून जायचे. कुणाचा आजा गेला, कुणाला नातू झाला, कुणाची बदली रद्द झाली, कोण कुठल्या गाडीनं येतोय, सगळं अप्पांच्या हातून पुढे सरकायचं. आणि हाच माणूस घरी आला की तोंडाला कुलूप घालून बसायचा. त्यांना बोलायचा कंटाळा होता असं नव्हे. बोलणं म्हणजे ज्यांना दुसरं काही धड येत नाही त्यांनी करायचा उद्योग, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. चहा हवा असला की ते जेवणाच्या टेबलाच्या कडेवर बोट वाजवायचे. नखानं टक वाजलं की ते टिंब, बोटाच्या पेरानं थप वाजलं की ती रेघ. टिंबं आणि रेघा जुळवून इंग्रजी अक्षरं व्हायची आणि त्या इंग्रजी अक्षरांतून अप्पा मराठीत चहा मागायचे. आई तेव्हा मागच्या दारात पद्मक्कांशी कानडीत गप्पा मारत असायची. एवढ्या तीन भाषा ओलांडून चहा टेबलावर येईपर्यंत बहुधा गार झालेला असे.

पद्मक्का म्हणजे आमच्या घरमालकीणबाई. बसवनगुडीत त्यांच्या घराच्या मागच्या अंगाला दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि पुढे बसायला दगडी कट्टा, एवढा आमचा संसार. अप्पा बेळगावचे, आई निपाणीची. मी आणि माझी थोरली बहीण इंदू, जिला मी अक्का म्हणायची, आम्ही दोघी इथल्याच. सकाळी पद्मक्कांचा इडलीचं पीठ वाटायचा दगडी रगडा घरघरायला लागायचा, कोपऱ्यावरच्या देवळात घंटा वाजायची, पालेभाजीवाली ‘सोप्पूऽ’ करून ओरडत जायची, आणि या सगळ्या गोंगाटात अप्पांच्या बोटाची टकटक आम्हाला बरोबर ऐकू यायची. यावीच लागायची, कारण एकदा वाजवलेलं पुन्हा वाजवायचं नाही असा त्यांचा बाणा होता. थंडीत अवरेकाळूचे, म्हणजे पावट्याचे, दिवस आले की आई, पद्मक्का, अक्का आणि मी कट्ट्यावर बसून शेंगा सोलायचो. बोटांना त्यांचा तो उग्र तेलकट वास दिवसभर राहायचा. उप्पीट, आमटी, उसळ, जिथं शिरतील तिथं आई ते दाणे घालायची. अप्पा जेवता जेवता एकच शब्द वाजवायचे, मीठ. कमी झालंय की जास्त, हे आईनं त्यांच्या तोंडाकडे बघून ठरवायचं. आईला तारेतले मोजकेच शब्द येत. चहा, पाणी, मीठ, पुरे, कोण आलंय. नवऱ्यानं तिला आजवर पाठवलेले निरोप तेवढेच होते. आम्ही तिला आणखी शिकवायला गेलो की म्हणायची, "जास्त शिकून काय करू गं? जास्त काही ते सांगतच नाहीत की."

आता मी बंगळुरूतच बेळ्ळंदूरला मुलाकडे राहते, बाराव्या मजल्यावर. खाली रस्त्यावर गाड्या सकाळपासून उभ्याच असतात आणि वर आमच्या घरात कमालीची शांतता. मुलगा, सून आणि नातू तीन खोल्यांत बसून एकमेकांना फोनवर लिहितात. सून पुण्याची, फार गुणी पोर आहे. ती स्वयंपाकघरातून ‘डिनर रेडी’ असं लिहिते आणि नातू आतून एक अंगठा पाठवतो. शेजारच्या बाई उसासा टाकून मला म्हणतात, "आजी, तुमच्या काळी माणसं एकमेकांशी बोलायची हो." मी मान हलवते. त्यांचा भ्रम कशाला मोडा?

अक्काला तारेची भाषा अप्पांनीच शिकवली, पण शिकवायची म्हणून नव्हे. त्यांना वरच्या जागेसाठी वेगाची परीक्षा द्यायची होती. घरी सरावासाठी लाकडी पाटावर बसवलेली एक पितळी कळ होती. तिच्यावर ते सराव करायचे, आणि वाजवलेलं बरोबर गेलं की नाही हे कळायला कुणीतरी ते उतरवून घ्यायला हवं होतं. आई स्वयंपाकात, मी लहान, म्हणून शाळेतून आलेल्या अक्काला समोर बसवलं जाई. ती पाटीवर अक्षरं उतरवायची. परीक्षा कधीच होऊन गेली तरी तो परिपाठ राहिला, पुढे पुढे पाटीही गळून पडली आणि अक्का नुसतं ऐकून घडाघडा सांगायला लागली. मी शेजारी बसून जमेल तेवढं उचललं. यात अप्पांचा एक दंडक होता आणि तो ते चक्क तोंडानं सांगायचे, यावरून त्याचं महत्त्व लक्षात यावं. "तार उतरवायची. वाचायची नाही." म्हणजे कानातून हातात यायला हवी, मधे डोक्यात शिरता कामा नये. लोकांचे मृत्यू, लोकांची भांडणं, लोकांचे नवस यांच्याशी तारमास्तराचा संबंध नाही. अप्पांनी अक्षरशः हजारो माणसांच्या मरणाच्या बातम्या पुढे पाठवल्या होत्या आणि त्यातली एकही ऐकली नव्हती. त्यांना याचा अभिमान वाटे. मला आता वाटतं की माणसानं एवढा सराव करू नये. तो घरीही उतरतो.

दुसरा दंडक पोचपावतीचा. तार पुरती मिळाली की घेणाऱ्यानं टिंब, रेघ, टिंब वाजवायचं. हा झाला ‘आर’. आर दिला म्हणजे निरोप माझ्यापाशी पोचला, आता तो पुढे नेऊन देण्याची जबाबदारी माझी. दिलेला आर परत घेता येत नाही. मला ऐकू नीट आलं नव्हतं, माझं लक्ष नव्हतं, असल्या सबबी मग चालायच्या नाहीत. आणि ऐकू येऊनही आर न देणं हे तर अप्पांच्या लेखी पापच. जेवताना कधी ते एखाद्या कामचुकार सहकाऱ्याबद्दल तुटकपणे वाजवायचे, ‘घेतो, आर देत नाही’, आणि आम्ही समजायचो की त्या माणसाची अप्पांच्या मनातून कायमची हकालपट्टी झाली. माझ्या फोनवर हल्ली दोन निळ्या खुणा दिसतात. म्हणजे माझा निरोप मुलानं वाचला. उत्तर येत नाही ते नाहीच. असल्या माणसाला अप्पांनी खात्यात एक दिवस टिकू दिलं नसतं.

तिसरी गोष्ट दंडक नव्हे, श्रद्धा होती. अप्पा म्हणायचे की माणूस तोंडानं खोटं बोलेल, हातानं बोलणार नाही. प्रत्येक तारमास्तराचा ‘हात’ वेगळा असतो. कुणाच्या रेघा आखूड, कुणाची टिंबं अडखळत येतात, कुणी घाईत शेवट खातो. पलीकडे कोण बसलंय हे नाव न सांगता कळतं. आणि सगळ्या तारमार्गावर अप्पांच्या मते सर्वांत निर्मळ हात होता धारवाडच्या देसायांचा. दोघं कित्येक वर्षं एकमेकांना तारेवर भेटत होते. सकाळी कामाची गर्दी व्हायच्या आधी जी थोडी उसंत मिळे, तिच्यात धारवाडचा पाऊस, बंगळुरूची थंडी, देसायांची गुडघेदुखी, सगळी विचारपूस व्हायची. प्रत्यक्षात त्यांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं. देसाई गोरे की काळे, लठ्ठ की बारीक, अप्पांना ठाऊक नव्हतं आणि विचारावंसंही वाटलं नव्हतं. हात ठाऊक होता, मग राहिलं काय? तेव्हा अशाच एका सकाळी देसायांना लग्नाचा मुलगा आहे आणि अप्पांना लग्नाची मुलगी आहे असं निघालं, त्याबरोबर अप्पांनी अक्काचं लग्न मनातल्या मनात लावून टाकलं. मुलगा कसा आहे? बापाचा हात निर्मळ आहे.

अक्का तेव्हा कॉलेज संपवून घरी होती. तिला लग्न नको होतं. म्हणजे कधीच नको असं नव्हे, तेव्हा नको होतं. तिला तार खात्याच्या परीक्षेला बसायचं होतं. मुली नव्यानं भरती व्हायला लागल्या होत्या आणि तिचा कान व हात कुणाहीपेक्षा तयार होता. ती हे अप्पांना सांगायची. जेवताना सांगायची, अप्पा दाढी करत असताना सांगायची, बसथांब्यापर्यंत त्यांच्याबरोबर चालत जाऊन सांगायची. "अप्पा, मला हे लग्न करायचं नाही. मला खात्यात यायचंय." अप्पा म्हणायचे, "हं." आमच्या घरात या ‘हं’चा अर्थ हो, नाही, बघू, पाऊस येणार, काहीही होऊ शकत असे. अक्का हिरमुसून परत यायची. आई तिची समजूत घालायची, "अगं, त्यांना ऐकूच गेलं नसेल. टकटकीनं कान बसलेत त्यांचे." अक्कालाही शेवटी ते पटलं. बाप ऐकून न ऐकल्यासारखं करतो यापेक्षा बाप थोडा बहिरा आहे, हे मानणं सोपं असतं.

देसाई मंडळी बघायला यायची ठरली ती रविवारची सकाळ. आई आदल्या दिवसापासून घाबरीघुबरी झाली होती. तिचा मोठा पेच म्हणजे पोहे करावेत की काय. पद्मक्कांनी कमरेवर हात ठेवून निकाल दिला, "पोहे बेडा, नकोत! हुडुगीला, मुलीला बघायला आले म्हणजे उप्पीट आणि केसरीभात. तूप स्वल्प जास्ती घाल." धारवाडकडची माणसं, त्यांना दोन्हीकडची रीत चालेल, असं म्हणून आईनं तसं केलं. केशरी रंगाचा तो शिरा इतका तुपाळ झाला की कढईतून सुटून गोळा होऊन बसला. अक्काला आईनं स्वतःची गर्भरेशमी साडी नेसवली, पद्मक्कांनी आपल्या हातातल्या दोन सोन्याच्या बांगड्या काढून तिच्या हातात सरकवल्या. बळी द्यायच्या बकरीलासुद्धा एवढे दागिने घालत नाहीत, असं मला वाटलं आणि मी ते बोलले, तर आईनं माझ्या पाठीत धपाटा घातला.

देसाई आले. आडव्या अंगाचे, घामाघूम झालेले, जिन्यावरून नव्हे तर नुसत्या अंगणातून चालत येऊन धापा टाकणारे गृहस्थ. बरोबर त्यांच्या बायको, त्या मात्र तरतरीत, आणि मुलगा माधव, जो बसल्यापासून स्वतःच्या बुटांकडे बघत होता. अप्पा पुढे झाले. आयुष्यातला सर्वांत जवळचा मित्र प्रथमच समोर उभा होता. अप्पा म्हणाले, "या." देसाई म्हणाले, "आलो." आणि संपलं. दोघं समोरासमोर बसले आणि दोघांनाही घाम फुटला. आई माझ्या कानाशी कुजबुजली, "भांडण झालंय काय गं यांचं?" देसाईकाकूंनी बिचाऱ्यांनी किल्ला लढवायला घेतला. बंगळुरूची हवा, भाज्यांचे भाव, गाडीतली गर्दी. आई पदर सावरत "हो की", "तर काय की" म्हणत राहिली. अक्कानं बशा आणून दिल्या आणि रिकामं स्टीलचं ताट मांडीवर घेऊन खुर्चीत बसली. मी दारातल्या पडद्याजवळ पाण्याचे पेले घेऊन उभी.

तेवढ्यात देसायांच्या खुर्चीच्या लाकडी हातावर टकटक सुरू झाली. त्यांनी अप्पांना सुप्रभात म्हटलं. अप्पांचा चेहरा असा खुलला की मी तो तसा आधी पाहिला नव्हता. त्यांचं बोट टेबलाच्या कडेवर गेलं. आणि मग ते दोघं बोलायला लागले, सुखानं, खुर्च्यांत मागे रेलून. गुडघे कसे आहेत, प्रवास कसा झाला. काकूंना वाटलं नवऱ्याला अस्वस्थ वाटतंय. आईला वाटलं चहा मागतायत, तिनं मला डोळ्यांनी आत पिटाळलं, पण मी हलले नाही, कारण पुढचं वाक्य मी ऐकलं होतं.

देसायांचं बोट सांगत होतं, ‘मुलगा नाही म्हणतो. हुबळीत एक मुलगी आहे. मन तिथं आहे. बायकोला सांगितलेलं नाही.’

अप्पांचं बोट जरा थांबलं. मग, ‘लग्नानंतर विसरेल?’

‘माहीत नाही. तुमची मुलगी?’

अप्पांना खोटं बोलता आलं असतं. तोंडानं नक्की बोलले असते. पण ते हातानं बोलत होते. ‘तीही नाही म्हणते. मला हे लग्न करायचं नाही, मला खात्यात यायचंय, असं म्हणते. रोज म्हणते.’

मी अक्काकडे पाहिलं. देसाईकाकू तिला विचारत होत्या, "भरतकाम येतं काय?" ती म्हणाली, "येतं थोडं." "गाणं?" "नाही येत." आवाज अगदी सरळ होता, पण चेहऱ्यावरचा रंग उडून गेला होता. तिचेच शब्द, जसेच्या तसे, ज्या क्रमानं ती बोलायची त्याच क्रमानं, बापाच्या बोटातून परक्या माणसाला जात होते. म्हणजे बाप बहिरा नव्हता. सगळं पोचत होतं, पहिल्या दिवसापासून. मला तिच्यासाठी इतकं वाईट वाटलं की हातातले पेले खाली ठेवावे लागले.

आजवर लोक मला विचारतात, तिला तारेची भाषा येते हे अप्पा विसरले होते काय? अजिबात नाही. तिला येते हे त्यांना पक्कं माहीत होतं. पण तिला त्यांनी स्वतः तयार केलं होतं, आणि त्यांच्या हाताखाली तयार झालेला माणूस तार उतरवतो, वाचत नाही. ती समोर बसली आहे म्हणून आवाज दाबून बोलावं हे त्यांच्या डोक्यातही आलं नाही. अशी चूक करायला माणूस आपल्या कामात फार वरच्या दर्जाचा असावा लागतो.

देसाई वाजवत होते, ‘मग काय करायचं?’ अप्पांनी सुरुवात केली, ‘सगळ्यांचं असंच असतं, होईल सर...’ आणि तिथं मधेच स्टीलच्या ताटावर बांगडी वाजली. बांगडीचं टक, अंगठ्याचं थप. अक्कानं धारवाडच्या तारघराची खूण वाजवली, जी वाजली की धारवाडच्या माणसानं हातातलं सोडून उत्तर द्यायचं असतं. देसायांनी दिलं. विचार करून नव्हे. अनेक वर्षांची सवय, त्यांचं बोट आपोआप खुर्चीवर वाजलं, ‘पुढे बोला’. मग त्यांनी मान वर केली आणि कोण बोलतंय ते पाहिलं, तोवर उशीर झाला होता.

अक्का वाजवायला लागली. डोळे काकूंकडे, मान किंचित झुकलेली, बघायला आलेल्या मुलीनं बसावं तशी. ‘मी इंदू. तुमचे दोघांचे बोलणे मिळाले. मुलाला नको. मला नको. दोघांच्या बापांना माहीत आहे. मोडा.’ अप्पांचा हात टेबलावर उचललेला तसाच राहिला. त्यांना तिला थांबवायचं होतं, ते स्पष्ट दिसत होतं. पण दुसऱ्याची तार चालू असताना मधे घुसायचं नाही, हा शिष्टाचार त्यांनी उभ्या जन्मात मोडला नव्हता. त्यामुळे आपली मुलगी स्वतःचं लग्न मोडेपर्यंत ते अदबीनं वाट बघत थांबले. तार संपली. खोलीत काकू म्हणत होत्या, "बांगड्या फार वाजतात हो, सैल झाल्यात." आणि देसायांनी खुर्चीच्या हातावर, हळू पण स्वच्छ, टिंब, रेघ, टिंब वाजवलं.

आर दिला गेला. देसाई उठले, म्हणाले, "येतो आम्ही." काकू गोंधळून म्हणाल्या, "अहो, आत्ताच तर... चहा व्हायचाय की." देसायांनी आईला वाकून नमस्कार केला, अक्कासमोर क्षणभर थांबले आणि मुलाला दंडाला धरून घेऊन गेले. उप्पीट सगळ्यांनी थोडं थोडं खाल्लं होतं, केसरीभात तसाच राहिला. कट्ट्यावर वाट बघत बसलेल्या पद्मक्का धावत आल्या. "एनायतु? काय झालं?" आईला काय झालं ते माहीत नव्हतं. ती नुसती भरल्या बशांकडे बघत होती.

त्या माधवचं पुढे हुबळीच्या मुलीशीच लग्न झालं. अक्का परीक्षेला बसली, तार खात्यात लागली आणि यंत्रं येऊन तारेचा आवाज बंद होईपर्यंत तिथं होती. नंतर यंत्रावरही होती, पण त्याबद्दल ती कधी काही सांगायची नाही. तिनं स्वतःच्या मर्जीनं, उशिरा, चांगल्या माणसाशी लग्न केलं. म्हणजे ज्याचं त्याचं भलंच झालं. पण त्या रविवारनंतरचे दिवस आमच्या घरात फार वाईट गेले. अप्पा रागावलेत की लाजलेत हे कळायला मार्ग नव्हता. गप्प तर ते आधीही होतेच. फरक एवढाच की टकटकही बंद झाली. आई अंदाजानं चहा ठेवायची, अंदाजानं मीठ घालायची. आणि ती रडायची. भाकरी थापताना, तांदूळ निवडताना, अंथरुणं घालताना. स्थळ आपल्यामुळे गेलं असं तिनं घेतलं होतं. पोहेच करायला हवे होते. तूप जास्त झालं. आपण सारखं ‘तर काय की’ म्हणत राहिलो, त्यांना आपलं बोलणं गावंढळ वाटलं असेल, असं ती म्हणायची. एकीकडे मी आणि अक्का तिला समजावत होतो की तसं नाही आई, आणि दुसरीकडे खरं काय ते सांगत नव्हतो, कारण खरं सांगायचं तर अप्पांना अक्काचं म्हणणं आधीच ठाऊक होतं हेही सांगावं लागलं असतं. ते अप्पांनी सांगायचं होतं.

मग एका सकाळी अप्पा कामावर निघाले असता अक्का कट्ट्यावर त्यांच्या वाटेत उभी राहिली. मी आतून ऐकत होते. अप्पा तिला म्हणाले, आणि हे त्यांनी तोंडानं म्हटलं, "देसाई काल सांगत होते. तुझा हात माझ्यापेक्षा निर्मळ आहे." एवढं बोलून सगळं मिटलं असं त्यांना वाटलं असावं. ते निघायला लागले.

अक्का म्हणाली, "अप्पा, माझं म्हणणं तुम्हाला मिळालं होतं."

"हं."

"हं नको. मिळालं होतं की नाही?"

"मिळालं होतं."

"मग आर का नाही दिलात?"

अप्पा चपलेकडे बघत उभे राहिले. मग म्हणाले, "आर दिला की पुढे पोचवायचं काम आपलं होतं, इंदू. तुझ्या आईला सांगायचं, धारवाडला सांगायचं, चार नातेवाइकांना सांगायचं. तोंडानं सांगायचं. मला ते जमत नाही गं."

"जमत नाही म्हणून मला धारवाडला पाठवून देणार होता?"

अप्पा बाजूनं निघून जायला बघत होते. अक्काचे डोळे भरून आले होते, पण तिनं त्यांची वाट सोडली नाही. म्हणाली, "आता तरी पोचवा. आई आत रडायलीय. तिचा काय गुन्हा?"

अप्पांनी चपला काढल्या आणि आत आले. आई स्टोव्हपाशी पाठमोरी बसली होती. अप्पा स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. सवयीनं त्यांचा हात चौकटीकडे गेला, बोट उचललं गेलं, आणि तिथंच अडलं, कारण आईला येत असलेल्या शब्दांत हे सांगण्यासारखा एकही शब्द नव्हता. त्यांनी हात खाली घेतला. घसा खाकरला.

"केसरीभात चांगला झाला होता," अप्पा म्हणाले. मग एक एक शब्द सुटा करत, "इंदूला नको होतं. त्या मुलालाही नको होतं. तुझं काही चुकलं नाही. इंदूचं मला आधीपासून माहीत होतं."

आईनं स्टोव्ह विझवला. पदरानं तोंड पुसलं, वळली आणि नवऱ्याकडे असं बघितलं की अप्पा चौकट धरून उभे राहिले. ओरडली नाही. अगदी साध्या आवाजात, खरोखर उत्तर हवं असल्यासारखं, तिनं विचारलं, "दिल्ली, मद्रास, कलकत्ता, कुठं कुठं लोकांचे निरोप पोचवता हो तुम्ही. स्वयंपाकघर एवढं लांब होतं काय?"